सपाट झालेला शिक्का

माझ्या नवऱ्याने विमान विकत घेतलं, हे मला कपडे भिजवताना कळलं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला तर एका डॉक्टरची छापील चिठ्ठी निघाली. जिथे गोळ्यांची नावं लिहायची तिथे लिहिलं होतं: ‘दोन आसनी छोटं विमान, वापरलेलं, चालू स्थितीत. व्यवहार ठरला. कागद दिवाळीनंतर देईन.’ खाली सही. तारीख नाही, साक्षीदार नाही, कुणी कुणाला विकलं तेसुद्धा नाही. मी रत्नागिरीत छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. लोक माझ्या टेबलावर काय काय घेऊन यायचे, पण असला कागद कधी आला नव्हता. विमानाचा राग मला नंतर आला. आधी त्या चिठ्ठीचा आला.

नवरा मागीलदारी बसून विहिरीच्या पंपाचा व्हॉल्व्ह साफ करत होता. मी ओल्या हातानेच चिठ्ठी त्याच्या नाकापुढे धरली.

‘हे काय आहे?’

‘चिठ्ठी हाय.’

‘ते मला दिसतंय. विमान कसलं?’

‘छोटासा हाय. दोघांचा.’

‘आणि कागद?’

‘दिवाळीनंतर देतो बोललाय. डॉक्टर हाय गो. चांगला मानूस हाय.’

चांगला माणूस! या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्याकडे आंब्याची बाग अशीच दिली-घेतली जाते. मोहोर बघायचा, बागेत एक फेरी मारायची, चहा प्यायचा आणि ‘ठरलं’ म्हणायचं. पेट्या भरून होईस्तोवर कुणी कागद मागत नाही. मागितलाच तर समोरच्याचा अपमान होतो. माझ्या नवऱ्याने विमान तसं घेतलं होतं, मोहोरावर.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे ‘तो’ म्हणते आहे, कारण हे सगळं आठवलं की माझा आवाज अजून चढतो.

विमानाचं खूळ एका दिवसात आलेलं नव्हतं. तो लोट्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. तिथेच खोली घेऊन राहायचा. माझी नोकरी रत्नागिरीत, म्हणून मी इथे. शनिवारी संध्याकाळी तो यायचा, सोमवारी अंधार असतानाच पहिली गाडी पकडायचा. एकतीस वर्षं आमचा संसार असा दीड-दीड दिवसांचा झाला. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना त्याच्या पाळीतला एक सोबती त्याला घाटावरच्या एका मैदानावर घेऊन गेला. तिथे लोक हौसेने छोटी विमानं उडवायचे. हा आधी त्यांची इंजिनं बघायला म्हणून गेला, मग साठवलेल्या रजा टाकून उडवायलाच शिकला. परीक्षा दिली, परवाना मिळवला. मी त्याला छंद म्हणत होते. छंद म्हणजे ज्याच्याकडे बायकोने बघायचं नसतं ती गोष्ट.

डॉक्टर त्याच मैदानावरचे. वय झालेलं, गुडघे गेलेले, विमानात चढायला दोन माणसं लागायची. त्यांनी आपलं विमान माझ्या नवऱ्याला द्यायचं ठरवलं, कारण त्याचं इंजिन तोच इतकी वर्षं बघत होता. विमान म्हणजे फार काही नाही. शेजारी-शेजारी दोन सीटा, डोक्यावर कापडाचा पंख, पाठीमागे पंखा. मी फोटो बघितला तेव्हा मला ती पंख लावलेली रिक्षा वाटली. पण या रिक्षेला जेवढे कागद लागतात तेवढे आमच्या अख्ख्या कचेरीच्या इमारतीला लागले नसतील.

‘कागदाचं मी बघते,’ मी त्याला सांगितलं. ‘तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही.’

त्याने एकदम मान डोलावली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्याला नेमकं हेच पाहिजे होतं.

आता खोटं कशाला बोलू, त्या कामात मला मजाही येत होती. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताला कागद लागला नव्हता. मी चार जणांना फोन करून यादी केली. विक्रीखत. नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे विमानाचा जन्मदाखलाच म्हणा. उड्डाणाचा परवाना. इंजिनाचं लॉगबुक वेगळं आणि विमानाच्या सांगाड्याचं वेगळं, कारण इंजिन बदलता येतं आणि दोघांचं वय सारखं असेलच असं नाही. विमा. वायरलेसचा परवाना. कुणाचं देणं नाही असा दाखला. सुरक्षेची मंजुरी, आणि त्यासाठी पोलिसांची चौकशी.

पोलीस चौकशीला आला तो तर मला बघण्यासारखा वाटला. गेटातून आत आला, अंगणभर नजर टाकली आणि विचारलं, ‘विमान कुठाय?’

‘ते घाटावर आहे, शेडमध्ये.’

‘मग मी इथं कशाची चौकशी करू?’

‘आमची करा,’ मी म्हटलं. ‘आम्ही कोण आहोत ते बघायचंय तुम्हाला.’

‘तुम्हाला कोण ओळखत नाय मॅडम,’ तो म्हणाला. ‘माझ्या बापाचा अर्ज तुम्ही तीनदा परत केलेला.’

त्याने अहवाल चांगला दिला, हे त्याचं मोठेपण. मी मात्र त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर नुसती हसले. त्या बापाला तीन खेपा कुठल्या गावाहून घालाव्या लागल्या होत्या, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

वजनाच्या तक्त्यावरून मी नवऱ्याशी कडाक्याचं भांडले. इतक्या हलक्या विमानात किलोकिलोचा हिशेब असतो. रिकामं विमान किती, पेट्रोल किती, उडवणारा किती, शेजारी बसणारा किती. हा तक्ता त्याने स्वतः भरून माझ्या हातात दिला होता. ‘शेजारचे आसन’ या रकान्यात लिहिलं होतं, बासष्ट किलो.

‘हे कुणाचं वजन?’

‘तुझा.’

‘मला न विचारता?’

‘इचारला असता तर कमी सांगितलं असतंस.’

मी आत जाऊन काट्यावर उभी राहिले. बासष्ट. बाहेर येऊन त्याला म्हटलं की मी त्या पंख्याच्या रिक्षेत मेले तरी बसणार नाही. तेव्हा तो म्हणाला, मैदानापासून घाटाचा कडा जवळ आहे, हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असते, कड्यापाशी गेलं की खाली आपलं सगळं कोकण दिसतं. खाडी कुठे वळते तेही दिसतं. ‘एकदा तुला वरून आपला मुलुख दाखवायचाय. मग इकून टाकू.’ त्याने दोन सीटांचं का घेतलं ते मला तेव्हा कळलं. आणि त्याच्यावर ओरडून झालेलं असल्यामुळे मला ते मागे घेता येईना.

या सगळ्याला एक मुदत होती. उडवणाऱ्याला डॉक्टरी तपासणीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या वयाला ते थोड्या काळापुरतंच देतात. त्याचं पुढच्या पावसाळ्यात संपत होतं. पावसाळ्यात उडता येतच नाही. म्हणजे आमच्या हातात होता एकच हिवाळा. नोंदणी त्याच्या नावावर झाली की जानेवारीत आम्ही दोघं वर जाणार होतो. होय, मीसुद्धा. मी तोंडाने कबूल केलं नव्हतं, पण कानटोपी काढून ठेवली होती.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी दिलेला शब्द पाळला. ते खरंच चांगला माणूस निघाले. हे लिहायला मला जड जातंय. विक्रीखतावर सह्या झाल्या, दोन्ही लॉगबुकं आली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आलं. जाड, पिवळसर कागद. वरती राजमुद्रा, मध्ये विमानाच्या नोंदणीची अक्षरं, आणि खालच्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का, शाई नसलेला, कागदातूनच वर आलेला. मी त्यावरून बोट फिरवलं. गोल कडा आणि मधली अक्षरं बोटाला लागत होती. असा कागद हातात आला की मला बरं वाटतं, काय करू!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो घेऊन एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि लॅमिनेट करून घेतला.

हे मी का केलं, ते रत्नागिरीत राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. इथे चार महिने हवेत नुसतं पाणी असतं. कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, पुस्तकं फुगतात, आणि भिंतीतून वाळवी कधी चढते ते कळत नाही. माझ्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला वाळवीने खाल्ला. जन्मतारखेचा तेवढाच भाग खाल्ला, बाकी दाखला शाबूत. त्या एका तारखेपायी त्यांनी दोन वर्षं हेलपाटे घातले. तेव्हापासून आमच्या घरात कागद आला की प्लॅस्टिकमध्ये जातो. नुसतं घरातच नाही, टेबलावरसुद्धा माझा तोच नियम होता. कुणी घडीवर फाटलेला, ओला, डागाळलेला कागद घेऊन आला की मी त्याला झापायची, ‘आधी लॅमिनेट करून घ्या! एवढंही कळत नाही?’ खेडेगावातून आलेली माणसं, मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून आलेले चाकरमानी, सगळ्यांना हेच. झेरॉक्सवाला मला बघून हसायचा आणि म्हणायचा, ‘बाई, माझी मशीन तुमच्यावर चालते.’

त्या दिवशीही तो हसला. प्रमाणपत्र गरम रोलरमधून गेलं आणि पलीकडून चकचकीत, ताठ होऊन बाहेर आलं. मी ते दोन बोटांत धरून घरी आणलं आणि नवऱ्याला दाखवलं.

‘आता शंभर वर्षं बघायला नको,’ मी म्हटलं.

त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. त्याच्या कपाळावर एक आठी आली होती, हे मला आठवतंय. पण मी त्याला तोंड घालायचं नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि तो ते तंतोतंत पाळत होता. या माणसाने माझं नेमकं नको तेव्हा ऐकावं!

सगळी फाईल मुंबईच्या कचेरीत गेली. जानेवारीत परत आली. वर एक ओळ: ‘मूळ प्रमाणपत्र विद्रूप केलेले असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.’ विद्रूप! मी ती ओळ चारदा वाचली आणि चारही वेळा माझा पारा चढला. मी एवढं जपून ठेवलेल्या कागदाला विद्रूप म्हणणारा कोण तो! पहाटेची गाडी पकडून मी मुंबईला गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. कचेरीत कसं बोलायचं असतं ते मला माहीत होतं.

खिडकीत माझ्या मुलीच्या वयाची एक कारकून होती. मी तावातावाने फाईल आपटली. ती शांतपणे उठली, प्रमाणपत्र घेऊन उजेडाशी गेली, तिरकं धरून बघितलं, परत आली.

‘काकू, उठावाचा शिक्का कुठाय यावर?’

‘आहे की. कोपऱ्यात बघा.’

‘दिसतोय थोडासा. पण हाताला लागतोय का बघा.’

मी बोट फिरवलं. प्लॅस्टिक गुळगुळीत होतं. कडा नाही, अक्षरं नाहीत. रोलरनी शिक्का दाबून सपाट केला होता.

‘हा मूळ कागद आहे की रंगीत झेरॉक्स, ते आम्ही त्या शिक्क्यावरून ठरवतो,’ ती म्हणाली. ‘शिवाय जुनं रद्द करताना आम्हाला याच्यावर शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. हे कोणी सांगितलं तुम्हाला लॅमिनेट करायला?’

मी काय सांगणार! तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्या सुरात मला माझाच आवाज ऐकू आला. ‘एवढंही कळत नाही?’ हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. माझ्यामागे रांगेत उभा असलेला माणूस घड्याळ बघत होता. मला त्याचाही राग आला.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली आणि मग ती निघेना. छत्तीस वर्षांत मी किती जणांना लॅमिनेट करायला लावलं असेल? त्यातल्या किती जणांच्या कागदावर कोपऱ्यात असा शिक्का होता? ती माणसं पुढे कुठल्या तरी खिडकीत उभी राहिली असतील, कुणी तरी त्यांना विचारलं असेल, कोणी सांगितलं तुम्हाला? आणि त्यांनी सांगितलं असेल, रत्नागिरीच्या कचेरीतल्या बाईने. मला माझा इतका संताप आला की टपरीवरून घेतलेला चहा मी तसाच टाकून उठले.

त्या मुलीने मी निघताना दोन मार्ग सांगितले होते. प्रमाणपत्र हरवलं असं जुन्या मालकाने लिहून द्यायचं, पोलिसांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं, दुसरी प्रत महिनाभरात मिळते. नाहीतर खराब झालं असं खरंखरं लिहायचं. मग जुन्या मालकाची चौकशी होणार, विमान प्रत्यक्ष तपासायला माणूस जाणार, आणि त्याला किती महिने लागतील ते तिलाही सांगता येणार नव्हतं. दोन्हींत अर्ज डॉक्टरांनीच करायचा, कारण कागदावर विमान अजून त्यांचंच होतं. आणि डॉक्टर नुकतेच मुलीकडे परदेशी गेले होते, उन्हाळा होईपर्यंत.

त्यांना फोन केला तर ते म्हणाले, ‘वहिनी, एवढं काय त्यात! हरवलं म्हणून लिहून टाकू. मी इथून सही करून पाठवतो. फेब्रुवारीत तुम्ही दोघं वर असाल.’

मी लगेच हो म्हणणार होते. सगळी नोकरी खोट्या प्रतिज्ञापत्रांवर नाक मुरडण्यात गेलेली मी बाई, हो म्हणणार होते. नवरा शेजारी उभा होता. त्याने मान हलवली.

‘नाय.’

‘काय नाय?’ फोन ठेवल्यावर मी विचारलं.

‘हरवला नाय तो. फायलीत हाय. हरवला कसा लिवू?’

‘तुम्ही नाही लिहायचं, डॉक्टर लिहितील.’

‘इमान माझ्या नावावर व्हायचा हाय ना?’

मग मी तोंड सोडलं. औषधाच्या चिठ्ठीवर विमान घेतलंत तेव्हा कुठे गेलं होतं हे खरं-खोटं? एक हिवाळा आहे हातात, एकच! तो लोट्याला असताना माझं जेवढं बोलायचं राहून गेलं होतं तेवढं सगळं त्या अर्ध्या तासात बोलले. तो ऐकत होता. त्याची ही सवय मला सर्वांत जास्त छळते. तो भांडत नाही.

माझं संपल्यावर तो म्हणाला, ‘कंपनीत एकदा येकानं व्हॉल्व्ह न बघता बुकात सही केलान. बघितला म्हणून. दुसऱ्या पाळीचा मानूस त्या सहीवर इश्वास ठेवून आत गेला. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मी बाहेर काढलेला त्याला. वर गेल्यावर दुसरा काय असतं गो आपल्याकडं? त्या बुकात लिवलेला असतं, इंजिन एवढे तास चाललंय, हा पार्ट बदललाय. तेवढ्यावरच बसायचा. पयलाच कागद खोटा लावला तर बाकीच्यावर मी इश्वास कसा ठेवू? आनि तुला बाजूला घेऊन?’

त्याचं बरोबर होतं. समोरच्याचं बरोबर असलं की माणूस आणखी चिडतो. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या नावाने खरा अर्ज लिहायला घेतला. ‘प्रमाणपत्र खरेदीदाराच्या पत्नीने अनवधानाने लॅमिनेट केले.’ अनवधानाने हा शब्द मी खोडला. त्या दिवशी माझं अवधान पूर्ण होतं.

तो हिवाळा आमच्या डोळ्यांसमोर गेला. एवढ्या निळ्या, कोरड्या सकाळी मी कधी बघितल्या नव्हत्या, किंवा कधी मोजल्या नव्हत्या. नवरा महिन्यातून एकदा घाटावर जाऊन विमान पुसून यायचा, इंजिन जमिनीवरच चालू करायचा, लॉगबुकात तेवढी मिनिटं लिहायचा. त्याला ते उडवता येत नव्हतं, जुनं प्रमाणपत्र चालत नव्हतं आणि विमान अजून त्याचं नव्हतं. डॉक्टर एप्रिलमध्ये आले. चौकशीला मे महिन्यात माणूस गेला, पण त्याच्याकडे एक फॉर्म कमी होता म्हणून परत गेला, आणि पुन्हा आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मी पत्रं लिहिली, फोन केले, ओरडले, विनवण्या केल्या. पलीकडून दर वेळी तोच थंड आवाज यायचा, ‘प्रक्रियेत आहे.’ हे दोन शब्द मी स्वतः किती जणांच्या तोंडावर फेकले होते! फोन ठेवला की मी भांडी आपटायची.

जुलैमध्ये त्याची डॉक्टरी तपासणीची मुदत संपली. तो कोल्हापूरला जाऊन तपासून आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, ‘रिपोर्ट यायचाय.’ मी पुन्हा विचारलं नाही. माझं सगळं लक्ष त्या दुसऱ्या प्रतीकडे होतं.

ती श्रावणात डॉक्टरांच्या नावाने निघाली. मग नाव बदलण्यासाठी शिक्के मारून ती रद्द केली गेली, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या नावाचं प्रमाणपत्र पोस्टाने घरी आलं. मी पाकीट कात्रीने कापलं. जाड पिवळसर कागद, वरती राजमुद्रा, मध्ये त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खालच्या कोपऱ्यात शिक्का. बोट फिरवलं. लागला. मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं, ‘आता बघते कोण अडवतं!’ हिवाळा काय, दर वर्षी येतो. कानटोपी कुठे आहे तेही मला माहीत होतं.

प्रमाणपत्र लावायला मी फाईल उघडली. सगळ्यात वर एक कागद होता, मी न लावलेला. माझा नवरा आयुष्यात कधी फायलीला हात लावत नाही, पण हा त्याने व्यवस्थित भोकं पाडून, दोरीत ओवून, कोपरे जुळवून लावला होता. डॉक्टरी तपासणीचा निकाल. हृदयाच्या तपासणीपुढे काहीतरी लिहिलं होतं ते मला कळलं नाही. खाली एकच शब्द कळण्यासारखा होता. अपात्र. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

मी दोन्ही कागद घेऊन मागीलदारी गेले. तो पायरीवर बसून गणपतीच्या मखराच्या पट्ट्या घासत होता.

‘हे मला सांगायचं नाही?’

‘तुझा काम अर्ध्यावर होता. म्हटलं, पुरा होऊ दे.’

‘परत तपासता येत असेल. अर्ज करू. मी करते.’

‘मी इचारला. नाय येत.’

मी हिवाळा म्हटलं, जानेवारी म्हटलं, मीच घालवला म्हटलं. मला वाटलं आता तरी तो बोलेल. एकतीस वर्षं साठवलेलं आणि वर हे. मी त्यासाठी उभीच राहिले होते. त्याने हात धोतराला पुसले, माझ्या हातातून नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं, आणि कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून बोट फिरवून बघितलं.

‘चांगला आलाय,’ तो म्हणाला, आणि परत माझ्या हातात दिलं. ‘आता कर लॅमिनेट.’

तो हे चिडून म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.